घरगुती युक्त्या व त्यांचें मर्म

दिवाळीच्या आधीं घरोघर जी झाडलोट चालते, ती गेल्या वर्षीं आमच्याही घरीं जोरांत चालू होती. मागच्या सोप्यांत आत्याबाई देवाचीं भांडीं घेऊन बसल्या होत्या, आणि आमची नवी सून न्हाणीघराची फरशी स्वच्छ करण्याच्या उद्योगास लागली होती. फरशीवरचे पिवळे डाग तेजाबाच्या बाटलीनें हटेनात, तेव्हां तिनें त्यावरच कपडे पांढरे करण्याचें ब्लीचिंगचें पाणी ओतलें. दोन्ही स्वच्छतेचींच द्रव्यें; मग दोहोंच्या मिलाफानें गुण दुप्पट कां येऊं नये, असा तिचा सरळ हिशेब होता. परंतु पुढच्याच क्षणीं घशास झोंबणाऱ्या उग्र वासानें तिचा श्वास कोंडला, आणि खोकत खोकत, डोळ्यांवर हात धरून ती कशीबशी बाहेर आली. खिडक्या उघडल्या, तिला मोकळ्या हवेंत नेलें, डॉक्टरांनीं तपासलें, आणि दोन दिवसांनीं तिचा खोकला थांबला, हें आमचें भाग्य.

त्या सर्व धांदलींत आत्याबाई पुन्हां पुन्हां एकच म्हणत होत्या, "पण पोरीचें चुकलें कोठें? मीसुद्धां चिंचेंत मीठ घालतेंच कीं!"

आत्याबाईंचा हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. चिंचेंत मीठ घातलें तर चिंचेचें बळ वाढतें. तेजाबांत ब्लीचिंगचें पाणी घातलें तर विषारी वायु निर्माण होतो. वरवर पाहतां दोन्ही कृति सारख्याच. त्यांतील एक उपकारक कां आणि दुसरी घातक कां, हें नुसती युक्ति ठाऊक असणारास सांगतां येणार नाहीं. ज्यास तिचें कारण ठाऊक आहे त्यासच तें सांगतां येईल. आपल्या घरांतून युक्त्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या, परंतु त्यांचीं कारणें त्यांच्यासमवेत आलीं नाहींत. म्हणून ज्यांस पैसा लागत नाहीं, आणि ज्यांचें साहित्य प्रत्येक स्वयंपाकघरांत असतेंच, अशा कांहीं नेहमींच्या युक्त्या त्यांच्या कारणांसह येथें देण्याचें योजिलें आहे.

चिंच, आमसूल आणि लिंबाचीं सालें

तांब्यापितळेचीं भांडीं उघड्या हवेंत राहिलीं कीं त्यांतील तांब्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन त्यांवर काळपट थर चढतो. दमट हवेंत हिरवा कळंकही येतो. चिंचेंतील अम्ल हा थर विरघळवितें, मिठामुळें तें काम अधिक त्वरेनें होतें, आणि खालचा अस्सल धातु उघडा पडतो. यासाठीं चिंचच पाहिजे असें मात्र नाहीं. सार करून उरलेलीं आमसुलें, पिळून झालेल्या लिंबाचीं सालें, जेवणांत घेतां येणार नाहीं इतकें आंबट झालेलें ताक, यांपैकीं जें टाकून द्यावयाचें असेल तें चिमूटभर मिठासह आधीं भांड्यावर फिरवावें आणि मग टाकावें. घरच्या भांड्यांस एवढें पुरे होतें.

हें कारण एकदां ध्यानांत आलें म्हणजे आणखी तीन गोष्टी आपोआप उमगतात. पहिली ही, कीं अम्ल भांड्यावर तसेंच राहूं दिलें तर तें मळाबरोबर धातूसही खाऊं लागतें. म्हणून घासून होतांच भांडें भरपूर पाण्यानें धुऊन कोरड्या फडक्यानें पुसावें. काल लखलखीत केलेला तांब्या आज पुन्हां डागाळलेला कां दिसतो, याचें उत्तर बहुधा न पुसलेल्या पाण्यांत व न निघालेल्या अम्लांत असतें.

दुसरी गोष्ट अशी, कीं जें अम्ल भांड्याचें तांबें बाहेरून विरघळवितें तें आंतूनही विरघळविणारच. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यांत ठेवलेली आमटी किंवा ताक "कळकलें" असें आपण म्हणतों, तें दुसरें तिसरें कांहीं नसून अन्नांत उतरलेलें तांबें होय. तें पोटांत गेल्यास मळमळ व वांत्या होतात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून जो हात फिरवितो, त्यांतील नवसागर धातूवरील मळाचा थर दूर करतो आणि २३२ अंश सेल्सियसला वितळणारें कथील त्या स्वच्छ पृष्ठास चिकटून बसतें. तांबें व अन्न यांच्यामध्यें कथिलाचा हा पातळ पडदा राहतो. तेव्हां कल्हईचें भांडें आंतून खरबरीत वस्तूनें जोरजोरानें घासणें म्हणजे आपल्याच हातांनीं तो पडदा फाडणें होय.

तिसरी गोष्ट नव्या घरांतून विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अम्लाचा मारा केवळ तांब्यावरच होतो असें नाहीं. शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे सारे चुनखडीच्याच जातीचे दगड. ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली तर तेथें कितीही पुसलें तरी न जाणारी फिकट खूण राहते; कारण तो डाग नव्हेच, तेवढा दगडच झिजलेला असतो. आणि हाच दोष योग्य जागीं गुण ठरतो. जड पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशीं क्षारांचा जो पांढरा थर बसतो, त्यांतही मुख्यत्वें चुनखडीच असते. त्या भांड्यांत चारसहा लिंबांचीं सालें घालून पाणी उकळावें आणि तासभर तसेंच ठेवावें. बारीक बुडबुडे येऊन थर सुटूं लागतो. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात, आणि त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

चांदीचा काळेपणा

चांदीचें काळें पडणें ही याहून निराळी गोष्ट आहे. तेथें संबंध प्राणवायूचा नसून हवेंत अल्प प्रमाणांत असणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा असतो. गंधक व चांदी मिळून तो काळा थर होतो. रांगोळीनें घासल्यास काळेपणा जातो खरा, परंतु रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, आणि दर वेळीं तिच्याबरोबर थोडीशी चांदीही जाते. आजेसासूच्या वेळच्या निरांजनावरील वेलबुट्टी हाताला लागेनाशी झालेली असते, ती अशा वर्षानुवर्षांच्या घासण्यानेंच.

याऐवजीं एका स्टीलच्या पातेल्याच्या तळाशीं पोळ्या गुंडाळण्याचा आल्युमिनियमचा कागद अंथरावा. त्यावर चांदीच्या वस्तु कागदास टेकतील अशा ठेवाव्या. लिटरभर उकळत्या पाण्यांत दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा बेतानें विरघळवून (पाणी फसफसून वर येतें, म्हणून भांडें मोठें घ्यावें) तें पाणी त्यांवर ओतावें. थोड्याच मिनिटांत काळेपणा उतरूं लागतो. येथें घासणें नाहीं, झिजणें नाहीं. आल्युमिनियमच्या योगानें गंधक चांदीला सोडून जातो, आणि त्याच्या तावडींतून सुटलेली चांदी जागच्या जागींच राहते. किंचित् कुजका वास आला तर तो त्या गंधकाचाच समजावा. वस्तु धुऊन, पुसून ठेवाव्या. खडे वा मोतीं बसविलेले अथवा लाख भरलेले दागिने, तसेच ज्यांची नक्षी मुद्दाम काळी ठेवलेली आहे अशा वस्तु मात्र या पाण्यांत घालूं नयेत.

हळद, रक्त आणि तेल

कपड्यावरील डागांच्या बाबतींत आपल्या हातून घडणारी मोठी चूक म्हणजे सर्व डागांस एकच औषध लावणें. हळदीचा डाग पाहतांच आपण साबण उचलतों, आणि पिवळा डाग लालभडक होतो. हळदीला चुना लावला असतां ती लाल होते, हें आपल्या घरांत कोणास नव्यानें सांगावयास नको. कपड्यावर तेंच घडतें, कारण चुन्याप्रमाणें साबणही अल्कधर्मी असतो. लाल झाला म्हणून घाबरूं नये. कपडा धुऊन ओला असतांनाच कडक उन्हांत पसरावा. हळदीचा रंग उन्हाच्या प्रकाशांत टिकत नाहीं. एकदोन दिवसांत तो फिकट होत जातो. या डागास सूर्यासारखा धोबी नाहीं, आणि त्याचें बिलही येत नाहीं.

रक्ताच्या डागास याच्या उलट उन्हाचा वा ऊन पाण्याचा स्पर्शही होऊं देऊं नये. उष्णतेनें रक्तांतील प्रथिन गोठतें आणि धाग्यांत घट्ट बसतें. थंड पाण्यांत मीठ घालून कपडा भिजत ठेवावा व नंतर साबण लावावा. तेलातुपाचा डाग ताजा असेल तर त्यावर तांदळाचें पीठ जाडसर पसरून तासभर ठेवावें. कोरडें पीठ तेल शोषून घेतें. तें झटकून मग धुवावें. आधींच पाणी लावल्यास पिठाच्या कणांतील जागा पाण्यानें भरते आणि तेलास तेथें शिरतां येत नाहीं.

सांठवणीचें धान्य

उन्हाळ्यांत धान्य भरून ठेवण्याची चाल शहरांतून कमी झाली असली तरी पुष्कळ घरांत ती अद्याप टिकून आहे. या कामांतील पहिली युक्ति म्हणजे ऊन. धान्य गच्चीवर पातळ पसरून खडखडीत वाळवावें. ओलावा जितका कमी तितकी किड्यांची वाढ कमी. मात्र उन्हांतून उचललेलें गरम धान्य लगेच डब्यांत भरून झांकण लावूं नये. आंत वाफ धरून तें पुन्हां दमट होतें. सांवलींत पूर्ण निवूं द्यावें व मगच भरावें.

तुरीच्या डाळीस एरंडेल चोळतात. किलोस एक लहान चमचा पुरतो. तेलाचा पातळ लेप दाण्यावर बसला कीं किड्यांचीं अंडीं त्याखालीं गुदमरतात. वाल, पावटे, चवळी अशा कडधान्यांत लाकडाची चाळलेली राख मिसळण्याची कोंकणांतील व देशावरील रीतही अशीच सकारण आहे. राखेचे सूक्ष्म कण किड्याच्या अंगावरील मेणासारखें आवरण खरवडून काढतात, त्याच्या शरीरांतील ओलावा निघून जातो व तो सुकून मरतो. शिवाय दाण्यांमधल्या फटी भरल्यानें त्यास हिंडावयास जागा राहत नाहीं. कडुनिंबाचीं पानें घालावयाचीं तर तीं सांवलींत वाळवून घालावीं. ओलीं पानें किड्यांस दूर ठेवण्याऐवजीं बुरशीस आमंत्रण देतात. रवा, मैदा, डाळीचें पीठ यांस राख किंवा तेल चालत नाहीं. त्यांच्या पिशव्या आणल्या आणल्या शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत चार दिवस ठेवाव्या. आंत असलेलीं अंडीं त्या थंडींत मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी नेहमींच्या उष्णतेवर येईपर्यंत उघडूं नये, नाहींतर पिठास दंव धरतें.

येथें दोन गोष्टी स्पष्ट सांगणें अवश्य आहे. तांदळास बोरिक पावडर लावण्याची जी सवय कांहीं घरांत आहे, ती सोडून द्यावी. बोरिक हें कीटकांस मारतें म्हणून वापरतात, पण तें माणसाच्या खाण्याचें द्रव्य नव्हे, आणि धुण्यानें तें सर्वच्या सर्व निघून जाईल अशी खात्री कोणासही देतां येणार नाहीं. दुसरें, गोदामांतील धान्यासाठीं वापरण्यांत येणाऱ्या आल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या चुकूनही घरांत आणूं नयेत. हवेंतील दमटपणा लागतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा प्राणघातक वायु सुटतो. घरांत ठेवलेल्या अशा गोळ्यांमुळें झोपलेलीं माणसें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आलेल्या आहेत. मूठभर राखेनें जें काम होतें, त्यासाठीं घरांतल्या मुलामाणसांचा जीव धोक्यांत घालण्याचें कारण काय?

गढूळ पाणी आणि गार पाणी

पावसाळ्यांत पाणी गढूळ येऊं लागलें कीं तुरटीचा खडा घागरींत चारदोन वेळां फिरविण्याची चाल सर्वत्र आहे. गढूळ पाण्यांतील मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात आणि खालीं बसत नाहींत. तुरटींतील आल्युमिनियमचा भार धन असल्यामुळें हें लोटणें थांबतें, कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाशीं जातात. कांहीं तासांनीं वरचें निवळ पाणी न ढवळतां ओतून घ्यावें.

परंतु निवळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. माती दिसते म्हणून तिची भीति वाटते. रोगजंतु दिसत नाहींत म्हणून त्यांची वाटत नाहीं. तुरटीनें कांहीं जंतु मातीबरोबर तळाशीं जातात, पण सर्व नाहीं जात. म्हणून तुरटी फिरविलेलें पाणी पिण्यापूर्वीं खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळूं द्यावें. आत्याबाईंच्या लहानपणीं "पाणी तुरटीचें आहे" एवढें सांगितलें कीं पाहुणा निःशंक पेला तोंडास लावी. ज्या युक्तीनें पाणी निवळ केलें, तिनेंच या समजुतीस जन्म दिला.

उन्हाळ्यांतील माठाचेंही असेंच आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेलें पाणी बाहेर वाफ होऊन जातें आणि जातांना उष्णता घेऊन जातें. एका ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. ती सगळी माठांतील पाण्यांतूनच गेली, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंश सेल्सियसनें गार होईल. आतां, हवा कोरडी असेल तरच वाफ भराभर होणार. म्हणून मे महिन्यांत नागपूरच्या माठांतील पाण्यानें दांत शिवशिवतात, आणि त्याच महिन्यांत रत्नागिरीच्या दमट हवेंतील माठ जेमतेम गार होतो. यांत कुंभाराचा दोष नाहीं. माठ कोपऱ्यांत न ठेवतां वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर ठेवावा. साबणानें न धुतां नुसत्या पाण्यानें व काथ्यानें घांसावा. आणि शोभेसाठीं तेलरंग दिलेला माठ पाणी गार करण्याकरितां घेऊं नये. रंगानें ज्याचीं छिद्रें बुजलीं, तो माठ दिसावयास सुंदर असला तरी गुणानें पितळेची घागरच.

एकत्र करण्यांतील विवेक

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे परत येऊं. हल्लीं सोडा व व्हिनेगर एकत्र करून मोरी किंवा ओटा साफ करण्याची युक्ति फार लोकप्रिय आहे. दोन्ही एकत्र येतांच भरपूर फेस येतो, आणि फेस दिसला कीं आपणांस काम झाल्यासारखें वाटतें. वस्तुतः एक अम्ल व दुसरा अल्क. ते एकमेकांस मारून टाकतात, आणि मागें उरतें तें बहुतांशीं साधें क्षाराचें पाणी. सोडा तेलकटपणास चांगला, व्हिनेगर क्षारांच्या डागांस चांगलें; परंतु वेगवेगळे, एकामागून एक, आणि मध्यें पाण्यानें धुऊन. एकत्र केल्यानें येथें नुकसान होतें तें फक्त पैशांचें.

तेजाब व ब्लीचिंग यांचें तसें नाहीं. चिंचेला मीठ साहाय्य करतें, सोड्यानें व्हिनेगर निष्प्रभ होतें, आणि तेजाबामुळें ब्लीचिंगमधील क्लोरिन वायु मोकळा होतो. सन १९१५ च्या एप्रिल महिन्यांत बेल्जियममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूवर जो वायु सोडला, तो हाच. कोंडलेल्या न्हाणीघरांत त्यानें कोणाचेंही फुफ्फुस भाजून निघेल. संडास धुण्याचें तेजाबच नव्हे, तर लिंबूं वा व्हिनेगरही ब्लीचिंगमध्यें मिसळूं नये. कांचा पुसण्याच्या ज्या द्रवांत अमोनिया असतो तोही मिसळूं नये, त्यानेंही विषारी वायु होतात. कोणाच्या हातून असें घडलेंच तर सांडलेलें पुसण्याच्या नादीं न लागतां प्रथम बाहेर पडावें, मोकळ्या हवेंत बसावें आणि डॉक्टरांस दाखवावें. अशीं द्रव्यें ज्या बाटल्यांतून येतात त्यांतच ठेवावीं. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलींत भरलेलें तेजाब वा रॉकेल तहानलेल्या मुलास पाण्यासारखेंच दिसतें.

आमच्या घरीं त्या दिवाळीनंतर एक वही घातली आहे. तिच्या प्रत्येक पानावर मध्यें उभी रेघ आहे. डाव्या बाजूस युक्ति, उजव्या बाजूस तिचें कारण. डावी बाजू आत्याबाई सांगतात, उजवी सून शोधून लिहिते. कांहीं ठिकाणीं उजवी बाजू अद्याप कोरी आहे, आणि तशी युक्ति आम्ही तूर्त वापरीत नाहीं. कांहीं ठिकाणीं कारण लिहितां लिहितां युक्तीच खोटी ठरली, तेव्हां आत्याबाईंनीं स्वतःच तीवर काट मारावयास लाविली. वहीच्या पहिल्या पानावर मात्र कोणतीच युक्ति नाहीं. तेथें सुनेनें ठळक अक्षरांत तेजाब व ब्लीचिंग हीं दोन नांवें लिहिलीं आहेत, आणि त्यांच्या मधोमध ती उभी रेघ दोनदां गिरविली आहे.